तीस दिवस भिंतीवर

संक्रांतीला आमच्याकडे, नागपुरात, हळदीकुंकू असतं. 15 जानेवारी 2023, रविवार. सकाळपासून गच्च्यांवर पोरांचा ‘ओ काट’चा गलका चालला होता. मी वाणाच्या डब्या ओळीनं मांडत होते आणि चारच्या सुमारास बेल वाजली. दारात चार पोरं. विशी-बाविशीची, गळ्यात भगवे गमचे, बोलायला अगदी अदबशीर. ‘काकू, थोडं बोलायचं होतं.’ मला वाटलं, मंडळाची वर्गणी असेल. सणाचा दिवस, म्हणून मी आधी प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो त्यांनी खाल्ला. मग एकानं मोबाईल पुढे केला.

मोबाईलवर माझ्या लेकीच्या लग्नाच्या नोटिशीचा फोटो होता. तिचं नाव, वय, व्यवसाय, आमच्या घराचा पूर्ण पत्ता, बाजूला तिचा छोटा फोटो. आणि त्याचं नाव.

‘काकू, तुमची पोरगी फसून राहिली. तुमाले माहीत नसन म्हणून सांगाले आलो.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘साक्षीदार म्हणून सही मीच करणार आहे.’

चौघं एकमेकांकडे बघत राहिले. हे उत्तर त्यांनी धरलेलंच नव्हतं. मग आवाज बदलला. ‘मायबापच असे निघाले तर समाजानं काय करावं? पण हे लग्न आम्ही होऊ देणार नाही, लिहून ठेवा.’ माझे यजमान आतून आले, ‘चला, निघा’ म्हणाले. जाता जाता त्यातल्या एकानं आमच्या देवघरातल्या गजानन महाराजांच्या फोटोला लांबूनच हात जोडले. ते मला अजून दिसतं. आपण पुण्याचं काम करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं, हे मला तेव्हाच कळलं आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

या पोरांनी येऊन जे म्हटलं, त्यातलं बरंचसं दीड वर्षापूर्वी मीही लेकीला म्हटलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. वर्गात सर्वधर्मसमभाव शिकवणं वेगळं आणि घरात जावई म्हणून मुसलमान मुलगा येणं वेगळं. मी अबोला धरला, जेवण टाकलं, बहिणीकडून दबाव आणला. लेक फिजिओथेरपिस्ट, तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. ती एकदाही ओरडली नाही, पळूनही गेली नाही. ‘तुम्ही दोघं आल्याशिवाय सही करणार नाही’ एवढंच म्हणत राहिली. शेवटी मी त्याला घरी बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला: हिला नाव बदलावं लागेल का? तो म्हणाला, ‘काकू, मी माझं बदलणार नाही, तर तिनं काऊन बदलावं?’

त्याच्या अम्मीला मी पहिल्यांदा भेटले ते ताजबागेच्या दर्ग्यात. जागा मीच सुचवली. माझ्या सासूबाई दरवर्षी ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला मला घेऊन जायच्या, त्यामुळे तिथं परकं वाटलं नसतं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. बराच वेळ दोघींनाही बोलता येईना. मग त्या म्हणाल्या, ‘दीदी, डर तो मुझे भी लगता है.’ तिथून पुढे आमचं जमलं.

म्हणजे घरच्यांनी जे करायचं ते करून झालं होतं. निकाह नको, सप्तपदी नको, कुणाचा धर्म बदलायला नको, म्हणून 1954 चा विशेष विवाह कायदा. 9 जानेवारीला अर्ज दिला. दोघांपैकी एकाचं तरी जिल्ह्यात निदान 30 दिवस वास्तव्य हवं, वयाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो. कारकुनानं कागद तपासले, नोटीस वहीत नोंदवली आणि तिची एक प्रत बाहेरच्या फलकावर टाचण्यांनी लावली. मी तेव्हा तिथंच उभी होते. त्या टाचण्यांकडे माझं लक्षही गेलं नाही.

या कायद्यात नोटीस लागली की 30 दिवस थांबायचं. त्या काळात कोणीही, अगदी कोणीही, आक्षेप घेऊ शकतं. मात्र आक्षेपाला कारणं ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात आहे, मुलगा 21 किंवा मुलगी 18 पूर्ण नाही, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. धर्म वेगळा आहे हे कारण त्यात नाही, असूच शकत नाही, कारण कायदाच मुळी अशा लग्नांसाठी केलेला आहे. माझ्या पुतण्याचं लग्न एकाच धर्मातलं; ते हॉलमध्ये झालं आणि नंतर कागद देऊन नोंदणी झाली. त्याच्या बायकोचा पत्ता महिनाभर कुठल्या भिंतीवर लागला नाही. आमच्या वकीलबाईंनी कारकुनाला सांगून पाहिलं, की अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये म्हटलंय, जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस जाहीर लावायची गरज नाही. तो म्हणाला, ‘म्याडम, तो तिकडचा निकाल.’ आणि फायलीत तोंड घातलं.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी लेक संध्याकाळी साडेसातला काम आटोपून निघाली. तो तिला घ्यायला आला होता. दोन मोटारसायकली आडव्या आल्या. एकानं तिच्या स्कूटीची किल्ली काढून घेतली. ‘आधार दाखव. नाव सांग. जोरात सांग.’ दुसरा व्हिडिओ काढत होता. माझ्या होणाऱ्या जावयाला दोन थपडा मारल्या. चहाच्या टपरीवर आठ-दहा माणसं उभी होती, एकानंही ग्लास खाली ठेवला नाही. किल्ली नाल्यात फेकून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हिडिओ मला आमच्या भजनी मंडळातल्या एका ताईंनी पाठवला. खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘हे खरं आहे का हो?’ माझी लेक त्यात स्वतःचं पूर्ण नाव सांगत होती, आवाज कापत होता, आणि मागून कोणीतरी हसत होतं.

ज्या रात्री अडवलं, त्याच रात्री आम्ही ठाण्यात गेलो होतो. आधी आम्हाला दीड तास बाकावर बसवलं. मग साहेबांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला तो माझ्या लेकीला: ‘घरच्यांना माहीत आहे का?’ मी म्हटलं, ‘घरची मीच आहे.’ तरी प्रश्न तिलाच. ओळख कशी झाली, किती वर्षांपासून, त्यानं काही पैसे घेतले का, काही खायला दिलं का. मग त्याला वेगळ्या खोलीत नेलं. मार खाल्लेला मुलगा तो, पण चौकशी त्याचीच. वडील काय करतात, मूळ गाव कुठलं, मोबाईल दाखव. रात्री सव्वाबाराला त्याला बाहेर सोडलं तेव्हा गालावरचा वळ तसाच होता आणि त्याबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं.

‘काकू, हा घरचा मामला आहे, बसून मिटवून घ्या,’ साहेब म्हणाले. कुणाबरोबर बसू? आमच्या घरचा त्यात कोणी नव्हता. ज्यांचं आमच्याशी नातं नाही, गोत नाही, ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत, ती पोरं आमच्यात आली होती. हे मी तीनदा सांगितलं. शेवटी एक अदखलपात्र नोंद झाली, एनसी. त्यात ‘अज्ञात इसमांनी शिवीगाळ केली’ इतकंच. रस्ता अडवला ते नाही, किल्ली हिसकावली ते नाही, व्हिडिओ नाही. आम्ही बाहेर पडताना एक महिला शिपाई मागून आली आणि हळूच म्हणाली, ‘काकू, लेखी अर्ज द्या, अन् पोच घेतल्याबिगर हलू नका.’ त्या पूर्ण महिन्यात सरकारच्या बाजूनं मला मिळालेली ती एकमेव मदत.

लेखी अर्ज वकीलबाईंनी लिहिला. त्यात दोन निकाल होते. एक 2013 चा, ललिताकुमारी प्रकरणातला: दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वाट अडवणं हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यासाठी कुणाचा हात मोडावा लागत नाही. दुसरा 27 मार्च 2018 चा, शक्ती वाहिनी प्रकरणातला. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर कुटुंबाची, समाजाची, कुळाची परवानगी लागत नाही, हे त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. आणि अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, 24 तासांची हेल्पलाईन, सुरक्षित निवासाची सोय, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. राज्यांना मुदत होती सहा आठवड्यांची. मी ठाण्यात विचारलं, तो कक्ष कुठे आहे? दोघांनी एकमेकांना विचारलं. मग उत्तर आलं, ‘आमच्याकडे असं काही नाही.’ हे 2023 सालचं बोलणं. गृह विभागानं विशेष कक्ष आणि सुरक्षित निवासाबाबत परिपत्रक काढलं ते 2024 च्या डिसेंबरात, तेही एका जोडप्यानं मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावल्यावर. सहा आठवड्यांच्या कामाला साडेसहा वर्षांच्या वर गेली.

पण सरकारला अशा लग्नांसाठी वेळ नव्हता असं म्हणता येत नाही. आमच्या अर्जाच्या महिनाभर आधी, 13 डिसेंबर 2022 ला, महिला व बालविकास विभागानं एक समिती नेमली होती. वसईच्या श्रद्धा वालकरचा दिल्लीत निर्घृण खून झाला होता, त्या संतापात. सुरुवातीला आंतरजातीय लग्नंही तिच्या कक्षेत होती, ती दोन दिवसांत वगळली. राहिली फक्त आंतरधर्मीय. नाव ‘आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती’. घरच्यांपासून तुटलेल्या मुलींचा संपर्क जोडायचा, आणि त्यासाठी अशा लग्नांची माहिती गोळा करायची. मुलीचा खून जोडीदाराच्या हातून होतो तेव्हा तिला वाचवायला कुणीतरी हवं, हे मला मान्य आहे. आई म्हणून तर शंभर वेळा मान्य आहे. पण माझी लेक माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती आणि तिला भीती होती ती रस्त्यावरच्या पोरांची. त्यांच्यापासून वाचवणारी समिती कुठल्या विभागाकडे होती? केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2020 मध्ये लोकसभेत लेखी सांगितलं होतं की ‘लव्ह जिहाद’ या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे तसं एकही प्रकरण नाही. ते उत्तर ठाण्यातल्या त्या साहेबांपर्यंत कधी पोचलंच नाही. पोरांची भाषा मात्र पोचलेली होती.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण ती वगळली तर खोटं होईल. त्याच्या अम्मीच्या दारातही माणसं आली. वस्तीतली, ओळखीची, दाढीतली दोन वडीलधारी आणि त्यांच्यासोबत तीन तरुण. ‘लडकी ने कलमा पढ़ा क्या?’ नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, मग हा निकाह नाही, हे हराम आहे, आणि तुमच्या घरात मय्यत झाली तर खांदा द्यायला कोणी येणार नाही. त्याचे वडील सत्तर वर्षांचे, मधुमेही. त्या रात्री ते झोपले नाहीत. अम्मी मला फोनवर म्हणाल्या, ‘दीदी, आपके वाले और हमारे वाले एक ही बात बोल रहे हैं.’ त्या तर पोलिसांत जायलाही तयार नव्हत्या. तिथं गेलं तर आपलाच मुलगा आत बसवतील, हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

वरिष्ठांकडे अर्ज गेला, त्याचं फळ म्हणून एके दिवशी फोन आला: ‘लग्नाची तारीख कुणाला सांगू नका, आणि मुलीला काही दिवस बाहेरगावी ठेवा.’ संरक्षण म्हणून मिळालं ते एवढंच. लेक माझ्या जावेकडे वर्ध्याला गेली. सतरा दिवस तिचे पेशंट दुसऱ्यांनी पाहिले, तिचा पगार कापला गेला. किल्ली फेकणारी पोरं नागपुरात मोकळी फिरत होती आणि जिचा काही गुन्हा नाही ती घर सोडून बसली होती.

1 फेब्रुवारीला आक्षेप आला. नोटिशीचे आठ दिवस उरले होते. आक्षेप घेणारा माणूस आम्हाला नावानंही माहीत नव्हता. टाईप केलेलं पत्र, फसवणूक, धर्मांतराचा कट, समाजात तेढ. कायद्यातल्या कारणांपैकी एकही नाही. कारकून म्हणाला, ‘आक्षेप आला म्हणजे चौकशी आली. तीस दिवसांत निकाल लागन.’ वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून त्याच्या टेबलावर ठेवलं. चौकशीची तारीख पडली, आक्षेप घेणारा आला नाही. पुढची तारीख, तेव्हाही नाही. निरर्थक आक्षेप घेणाऱ्यावर अधिकारी एक हजार रुपयांपर्यंत खर्च बसवू शकतात. आम्ही तशी विनंती केली. ‘जाऊ द्या ना, कशाला वाढवता.’ 27 फेब्रुवारीला आक्षेप फेटाळला. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून, पुन्हा अर्ज, पुन्हा भिंत, पुन्हा तीस दिवस. बहुतेक आक्षेप घेणाऱ्याला तेवढंच हवं असावं.

मधे 14 फेब्रुवारी येऊन गेला. त्या दिवशी मी यजमानांच्या औषधांसाठी फुटाळ्याच्या बाजूनं गेले होते. तलावाच्या भिंतीवर एरवी जोडपी बसतात, कणीस खातात. त्या दिवशी भिंत रिकामी. दोन पोलीस गाड्या उभ्या होत्या, आणि गाड्यांच्या पुढून गमचेवाल्यांचे जथे घोषणा देत जात होते. पोलीस जोडप्यांना सांगत होते, ‘चला, निघा, उगाच तमाशा नको.’ घोषणा देणाऱ्यांना कोणी निघा म्हणत नव्हतं.

साक्षीदार तीन लागतात. मी, त्याचे मामा, आणि शेजारचे काका. हे काका आमच्या लेकीला लहानपणी सायकल शिकवायचे, त्यांनी स्वतःहून नाव दिलं होतं. लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांचा मुलगा आला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘काकू, बाबांचं नाव काढा. माझं दुकान आहे.’ मी त्याला दोष देत नाही. काकांनी त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे पाहिलं नाही. मी माझ्या जुन्या मुख्याध्यापक बाईंना फोन केला. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी विचारलं, ‘किती वाजता?’ आणि फोन ठेवला.

त्याच सुमारास, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, मंत्री मंगलप्रभात लोढा विधानसभेत म्हणाले की राज्यात लव्ह जिहादची एक लाखाहून अधिक प्रकरणं आहेत. घरात टीव्ही चालू होता. लेक वर्ध्याहून परत आली होती, साडीला फॉल लावत बसली होती. सुई थांबवून म्हणाली, ‘आई, यात मी धरली आहे का गं?’ मला उत्तर देता आलं नाही.

13 मार्चला, सोमवारी, लग्न झालं. दुसऱ्या दिवसापासून जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा राज्यभर बेमुदत संप सुरू होणार होता, त्यामुळे कार्यालयात झुंबड होती. आम्ही सकाळी दहालाच गेलो, वेगवेगळ्या रिक्षांनी, ठरवून. ठाण्यानं पाठवतो म्हणून सांगितलेले दोन शिपाई आले नव्हते. बाई काठी टेकत जिना चढल्या, मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबल्या आणि बरोबर खुर्चीपाशी येऊन म्हणाल्या, ‘कुठे सही करायची?’ दोघांनी अधिकाऱ्यासमोर आपलं वाक्य म्हटलं, मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून, मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून. दोनच ओळी. लेकीनं ते खड्या आवाजात म्हटलं, पूर्ण नाव घेऊन. तो व्हिडिओ आल्यापासून मी तिचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

सह्या झाल्यावर वकीलबाईंनी समजावलं, की या कायद्यानं वेगळ्या धर्मात लग्न केलेली हिंदू व्यक्ती एकत्र कुटुंबापासून विभक्त झाली असं कायदा मानतो. आमच्याकडे वाटायला शेत नाही, वाडा नाही, व्यवहारात काही फरक पडत नव्हता. तरी ते कलम ऐकताना मी लेकीचा हात धरला. अम्मींनी दुसरा धरला. त्यांनी घरून शेवया आणल्या होत्या, मी संत्रा बर्फी. ती आम्ही जिन्यातच वाटली, कारकुनालाही दिली.

एनसीचं पुढे काही झालं नाही. दोनदा विचारायला गेले, दोन्ही वेळा साहेब बदललेले. व्हिडिओ अजून फिरतो, मागच्या वर्षी पुन्हा आला होता, वेगळी गोष्ट लावून, गाव बदलून.

निघताना मी बाहेरच्या फलकाकडे पाहिलं. त्रेसष्ट दिवस झाले होते आणि नोटीस तिथंच होती. मी आत जाऊन कारकुनाला म्हटलं, आता लग्न झालं, ती काढा. तो म्हणाला, ‘उद्यापासून संप आहे म्याडम, नंतर काढू.’ मग मी स्वतःच चारही टाचण्या काढल्या. कागद उन्हानं पिवळा पडला होता. आमच्या पत्त्याखाली कुणीतरी निळ्या पेनानं दोनदा रेघ ओढलेली होती.